छडी खाली ठेवल्यावर शिस्त कशी राखायची?




गेल्या वर्षी नाताळाआधीच्या एका रविवारी आपल्यापैकी काही जण मुलांसाठी पांघरुणे आणि खाऊ घेऊन वसतिगृहात आले होते. दिवस आनंदात गेला. मात्र पाहुणे निघायच्या वेळी जेवणाच्या रांगेत सहावीतल्या एका मुलाने शेजारच्या मुलाच्या कपाळावर स्टीलचे ताट मारले. जखमेला दोन टाके पडले. मारणारा मुलगा पळाला. रात्री नऊच्या सुमारास तो रस्त्याकडेच्या एका टपरीमागे सापडला.

जानेवारीत त्या पाहुण्यांपैकी एका ज्येष्ठ बंधूंचे पत्र आले. पत्रात राग नव्हता, काळजी होती. त्यांचे दोन प्रश्न होते. इतकी मुले प्रवेशाची वाट पाहत असताना अशा मुलाची जागा एखाद्या गुणी मुलाला का देऊ नये? आणि आमच्या लहानपणी शाळेत जी शिस्त होती ती आता कुठे गेली?

हे प्रश्न इतरही अनेकांच्या मनात असतील, म्हणून उत्तर वार्तापत्रातून देत आहे. मी एकतीस वर्षे पालघर भागातील जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले आणि निवृत्तीनंतर वसतिगृहाच्या कामात मदत करतो. आपली मुले राहतात वसतिगृहात आणि शिकतात गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्यामुळे शिस्तीचा प्रश्न शाळा आणि वसतिगृह या दोघांनी मिळून सोडवावा लागतो.

कायदा काय सांगतो

पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला तो मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देतो. त्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्यावरची बंदी कायम राहिली.

कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते. जो शिक्षक तसे करील त्याच्यावर सेवा नियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. शिक्षा म्हणजे केवळ छडी नव्हे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचना वाचल्या तर गुडघ्यावर बसवणे, तासन्‌तास उभे करणे, खोलीत कोंडणे हेही त्यात येते. मुलाच्या जातीवरून, घरच्या धंद्यावरून किंवा गरिबीवरून टोमणे मारणे हा मानसिक छळ आहे. ‘जंगलातून आलेत, यांना काय कळणार’ हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत अनेकदा ऐकले आहे. ते वर्गात, मुलांसमोर उच्चारले तर तोही छळच होतो.

वसतिगृह म्हणजे शाळा नव्हे, तेव्हा तिथे चार फटके चालतील, असे कोणी समजू नये. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ मध्ये, ज्यांच्या ताब्यात मूल आहे त्यांनी केलेल्या क्रौर्याला शिक्षा सांगितली आहे. मुलांच्या देखभालीची जबाबदारी असलेल्या संस्थेच्या कर्मचाऱ्याने किंवा व्यवस्थापकाने ते केले तर शिक्षा अधिक कडक आहे, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. शाळेतली शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरून असावी, असे त्यातही आहे.

तरीही प्रत्यक्ष चित्र निराळे असते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी जवळजवळ दोघांनी आपल्याला शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले होते. त्यानंतर कायदा आला, पण सवयी कायद्याच्या वेगाने बदलत नाहीत. मी हे स्वतःवरून सांगतो.

माझ्या हातातली काठी

१९८९ साली मी नोकरीला लागलो. वर्गात निरगुडीची काठी ठेवत असे. तिसरीत एक वारली मुलगी होती. एकदा मी तिला वही का आणली नाही, असे विचारले. ती गप्प राहिली. पुन्हा विचारले, तरी ती खाली पाहत राहिली. मला तो उर्मटपणा वाटला आणि मी तिच्या हातावर दोन फटके दिले. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आठवड्याने मी पाड्यावर गेलो. तिचा बाप म्हणाला, “गुरुजी, तू मारतोस. ती नाय येणार.”

तो ‘तू’ त्या वेळी मला झोंबला. पुढे कळले की त्यांच्या घरच्या बोलीत मोठ्यांनाही ‘तू’च म्हणतात, त्यात अनादर नसतो. हेही कळले की त्या मुलीला माझी प्रमाण मराठी धड समजत नव्हती. प्रश्नच न कळल्यामुळे ती गप्प होती. काही वर्षांनी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मी तिला पाहिले. मांडीवर मूल होते आणि ती कागदावर अंगठा उठवत होती. माझ्या छडीने वर्गात शांतता जरूर आली, पण त्यासाठी काय किंमत पडली ते त्या अंगठ्याने मला दाखवले.

मार खाल्लेले मूल त्या क्षणी थांबते, म्हणून आपल्याला वाटते की उपाय लागू पडला. परंतु काय करायचे नाही एवढेच त्याला कळते. काय करायचे ते कळत नाही. मारणारा समोर असेतोवर ते थांबते, तो गेला की पुन्हा करते, किंवा आपल्याहून लहानावर तेच करते. आणि आदिवासी मुलापुढे तिसरी वाट नेहमी मोकळी असते. दप्तर टाकायचे आणि पाड्याची पायवाट धरायची. शहरातल्या मुलाला शाळा बदलता येते. या मुलाची शाळा सुटली की बहुधा कायमची सुटते. मुलगी असेल तर लग्नाचे बोलणे सुरू होते, मुलगा असेल तर वीटभट्टी किंवा होडीवरचे काम ठरलेले.

पवित्र शास्त्रातल्या छडीचे काय?

हा विषय निघाला की मंडळीत कोणीतरी नीतिसूत्रांतील छडीचा उल्लेख करतो. तो प्रामाणिक प्रश्न आहे, टाळता येणार नाही. पण त्याच शास्त्रात मेंढपाळाच्या हातीही काठी आहे, आणि त्या काठीने मेंढराला धीर येतो. मेंढपाळ काठीने वाट दाखवतो, खड्ड्यात पडलेल्याला वर काढतो, लांडग्याला हाकलतो. इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत पौल बापांना बजावतो की मुलांना चिडवू नका, त्यांचे मन खचू देऊ नका. मुलाला शिस्त लावणे हे आपले कर्तव्य आहे, यात शंका नाही. मात्र शिस्त लावणे आणि मारणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे गृहीत धरायचे कारण नाही. शिवाय आईबाप आपल्या विश्वासावर मूल सोडून जातात. परक्याच्या मुलाला हात लावण्याची परवानगी त्यांनी आपल्याला दिलेली नसते.

वागण्यामागचे कारण

छडी खाली ठेवली की पहिले काम सुरू होते ते कारण शोधण्याचे. आमच्या मुलांच्या बाबतीत चार कारणे पुन्हा पुन्हा आढळतात.

पहिले कारण भाषा. वारली, कोकणा, कातकरी मुले घरी स्वतःची बोली बोलतात. शाळेतले पुस्तक त्यांना जवळजवळ परके असते. शिक्षण शक्यतो मुलाच्या मातृभाषेत असावे, असे शिक्षण हक्क कायदाच सांगतो. न समजणाऱ्या भाषेत पाच तास बसायचे झाले तर मोठा माणूसही चुळबुळ करील. मूल खिडकीबाहेर पाहते, शेजाऱ्याला चिमटा काढते, लघवीला जातो म्हणून जाते ते परत येत नाही.

दुसरे कारण घराची ओढ. दिवाळी झाली की अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वसतिगृहातल्या मुलाला आईबाप नेमके कोणत्या भट्टीवर आहेत हेही कधी कधी ठाऊक नसते. धाकटे भावंड सोबत गेलेले असते. त्याला कोण सांभाळत असेल, हा घोर दहा-बारा वर्षांच्या मुलाला लागून राहतो.

तिसरे कारण शरीर. कान फुटलेला असेल तर मुलाला ऐकू येत नाही आणि आपण म्हणतो, ऐकत नाही. नजर कमी असेल तर फळ्यावरचे दिसत नाही आणि आपण म्हणतो, लक्ष नाही. आदिवासी भागात सिकलसेलचा आजार आहे. त्या मुलांना थकवा येतो, सांधे दुखतात, आणि आपण त्यांना आळशी ठरवतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीसाठी शाळेत येते, तेव्हा ‘त्रास देणारी’ मुले त्या दिवशी हमखास हजर असतील, हे आम्ही आता आवर्जून पाहतो.

चौथे कारण भीती. मोठी मुले छळतात, कोणी खाऊ हिसकावतो, कोणी रात्री घाबरवतो. त्याहून गंभीर काहीही असू शकते. एकाएकी गप्प झालेले, अंथरूण ओले करू लागलेले किंवा एखाद्या माणसाला टाळणारे मूल दिसले तर त्याला रागावू नये. त्याला आधी सुरक्षित वाटू द्यावे आणि मग त्याचे ऐकावे.

तीन पायऱ्या

कारण कळले तरी दीडशे मुलांच्या शाळेत रोज काय करायचे, हा प्रश्न उरतोच. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई, वसतिगृहाच्या ताई आणि आम्ही काही जणांनी मिळून कामाच्या तीन पायऱ्या ठरवल्या. जगभर अनेक शाळा या पद्धतीने काम करतात. आम्ही ती आमच्या अंगणाला बेतून घेतली.

पहिली पायरी सर्व मुलांसाठी. नियम पाचच ठेवले. बालमंत्रिमंडळातल्या मुलांनी ते ठरवले, मुलांच्या बोलीत लिहिले आणि शेजारी चित्रे काढली. ‘हे करू नका, ते करू नका’ असे न लिहिता काय करायचे ते लिहिले. उदाहरणार्थ, ‘धावू नका’ऐवजी ‘व्हरांड्यात चालत जायचे’. दिनक्रम ठरलेला असतो आणि उद्या काही बदल असेल तर तो आदल्या रात्री सांगितला जातो. घरापासून लांब असलेल्या मुलाला पुढे काय होणार हे माहीत असले की त्याचा जीव स्थिर राहतो. चांगले वागल्याचे कौतुकही नेमक्या शब्दांत करतो. नुसते ‘शाबास’ म्हणत नाही, ‘तू धाकट्याला आधी पाणी भरू दिलेस, ते मी पाहिले’ असे म्हणतो.

याच पायरीवर आम्ही भांडणे कुठे होतात ते पाहिले. सर्वांत जास्त भांडणे सकाळी नळावर होत होती. इतक्या मुलांना दोनच नळ होते. आणखी चार तोट्या बसवल्या आणि नळावरची भांडणे जवळजवळ बंद झाली. वर्षभर आम्ही ज्याला मुलांचा स्वभाव समजत होतो तो पाण्याचा तुटवडा होता.

दुसरी पायरी काही मुलांसाठी. एवढे करूनही ज्यांना जमत नाही, अशा प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस ठरवले. सकाळी शाळेला जाताना दोन मिनिटे, संध्याकाळी आल्यावर दोन मिनिटे. आज काय जड जाईल, काल काय बरे गेले, एवढेच विचारायचे. हे माणूस शिक्षकच हवे असे नाही. आमच्याकडे स्वयंपाकाच्या मावशी हे काम सर्वांत चांगले करतात. त्या मुलांच्या बोलीत बोलतात, आणि भाकरी थापणाऱ्या बाईशी मूल जे बोलते ते टेबलापलीकडच्या गुरुजींशी बोलत नाही.

तिसरी पायरी एखाद्‌दुसऱ्या मुलासाठी. इथे वही लागते. प्रत्येक प्रसंगाच्या तीन नोंदी करायच्या: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर त्याला काय मिळाले किंवा त्याचे काय टळले. वार आणि वेळ लिहायची. ‘हा मुलगा वाईट आहे’ असले शेरे लिहायचे नाहीत. तीन-चार आठवड्यांत वही बोलू लागते. गणिताच्या तासाला बाहेर काढले जावे म्हणून कोणी खोड्या करतो, तर कोणी दुसऱ्या कशानेही लक्ष वेधता येत नाही म्हणून करतो. पहिल्याला वर्गाबाहेर उभे केले तर आपण त्याला हवे तेच देतो. गरज पडली तर घरी भेट, आरोग्य तपासणी आणि समुपदेशक यांचीही मदत घेतो. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा शासकीय क्रमांक आहे, तोही उपयोगी पडतो.

चूक केली त्याचे काय?

मारायचे नाही म्हणजे काहीच करायचे नाही, असा अर्थ नव्हे. ज्याच्या कपाळाला टाके पडले त्या मुलालाही सुरक्षित राहण्याचा तितकाच हक्क आहे. त्याच्या आईला आम्ही त्याच रात्री फोन केला आणि दुसऱ्या दिवशी ती आली. मारणाऱ्या मुलाला मुख्याध्यापिका बाईंनी सर्वांसमोर उभे केले नाही. आधी तो शांत होऊ दिला, कारण रागाच्या भरात मुलाला काही शिकवता येत नाही. दुसऱ्या दिवशी दोघांना वेगवेगळे ऐकून घेतले. मग जखमी मुलाला विचारले, तुला काय हवे? तो म्हणाला, त्याने माझ्या रांगेत उभे राहू नये आणि माझे ताट त्याने धुवावे. तसे ठरले. टाके निघेपर्यंत रोज त्याचे ताट धुणे आणि ताईंसोबत त्याला आरोग्य केंद्रात मलमपट्टीला नेणे हे काम मारणाऱ्याकडे आले. ज्याचे नुकसान केले त्याचे भरून द्यायचे, ही शिक्षा मुलांनाही न्याय्य वाटते.

काही गोष्टी मात्र शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या चार भिंतींत मिटवायच्या नसतात. लैंगिक छळाचा संशय आला तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेचे नाव खराब होईल म्हणून गप्प बसणे हा गुन्हा आहे. १०९८ हा मदत क्रमांक आम्ही मुलांच्या उंचीवर भिंतीवर रंगवला आहे. तक्रारपेटी आहे, आणि ती वसतिगृहाच्या कर्मचाऱ्यांखेरीज दुसरे कोणी उघडते. पेटीत बहुतेक चिठ्ठ्या भाजीत मीठ कमी असल्याच्या निघतात. निघू देत. मिठाबद्दल लिहायची ज्याला सवय लागते, तोच उद्या मोठी गोष्ट लिहायचे धाडस करील.

कोसबाडची शिकवण

हे सारे नवे, परदेशातून आलेले खूळ आहे, असे कोणाला वाटू नये. याच पालघर भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे काम फार पूर्वी करून दाखवले. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. मोठी मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळा कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. मुलांना अंघोळ घालणे, केस विंचरणे, गाणी, गोष्टी, झाडापानांवरून शिकणे, असा तो क्रम असे.

मुले येत नाहीत तेव्हा चूक मुलांची, असे त्या दोघींनी मानले नाही. शाळेची वेळ, जागा आणि रीत बदलून पाहिली. गैरहजेरीसाठी छडी उगारणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे आधी सुचायला हवे होते.

त्या मुलाचे पुढे काय झाले

आता पत्रातील पहिल्या प्रश्नाकडे परत येतो. त्या मुलाचे नाव मी लिहीत नाही. त्याची वही ठेवली तेव्हा बहुतेक नोंदी रविवार संध्याकाळच्या निघाल्या. रविवार हा आमच्याकडे पालकभेटीचा दिवस. दिवाळीनंतर त्याचे आईबाप धाकट्या बहिणीला घेऊन भट्टीवर गेले होते. दर रविवारी इतरांच्या आया डबे घेऊन येत. हा दुपारभर फाटकापाशी बसून राही आणि संध्याकाळी जेवणाच्या रांगेत कोणाशी तरी भांडे. ज्या दिवशी पाहुणे आले त्या दिवशी तर फाटकातून इतकी माणसे आत आली, आणि त्यात त्याचे कोणीच नव्हते.

ही गोष्ट आमच्या ध्यानात यायला वही लागली, याची मला लाज वाटते.

उपाय साधा होता. भट्टीवरच्या मुकादमाचा फोन नंबर मिळवला आणि रविवारी तीन वाजता मुलाचे आईशी बोलणे सुरू केले. ज्यांना भेटायला कोणी येत नाही अशी आणखी सात-आठ मुले होती. त्या सर्वांसाठी रविवार दुपारी परसबागेचे काम आणि नंतर मावशींच्या हातची भजी, असा बेत ठरला. फेब्रुवारीत ताई स्वतः त्याला भट्टीवर घेऊन गेल्या आणि त्याच दिवशी परत घेऊन आल्या. बहीण धडधाकट आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिले.

तो एकदम साधा-सरळ झाला, असे सांगितले तर ते खोटे होईल. होळीच्या आधी तो आणखी एकदा पळाला. मात्र या वेळी जाण्याआधी मावशींना सांगून गेला की घर पाहून येतो. दोन दिवसांनी काकासोबत परत आला. आता तो सातवीत आहे. गणितात कच्चा आहे, वाल-भेंडीच्या वाफ्यांवर त्याची सत्ता चालते, आणि अधूनमधून भांडतो. ज्या मुलाला त्याने मारले होते तो त्याचा मित्र झालेला नाही. दोघे एकाच बाकावर मात्र बसतात.

त्या जानेवारीत आम्ही त्याची जागा दुसऱ्याला दिली असती तर शाळेच्या पटावर त्याचे नाव राहिले असते. पण वसतिगृहाशिवाय तो शाळेपर्यंत पोहोचलाच नसता, भट्टीवर विटा उचलत बसला असता. आणि ‘गुणी’ मुलगा कोणता, हे प्रवेशाच्या दिवशी कोणाला सांगता येते? शांत मुलांतही गणितात कच्ची, मनात घोर असलेली मुले असतात. ती फक्त आपल्याला त्रास देत नाहीत.

आपण काय करू शकता

भेटीला याल तेव्हा मुले किती शांत बसली यावरून वसतिगृहाची परीक्षा करू नका. मुले मोठ्या माणसांजवळ न घाबरता येतात का, ते पाहा. येण्याची तारीख आधी कळवा, म्हणजे आम्ही मुलांना तयार ठेवू. शक्यतो पालकभेटीचा रविवार टाळा. खाऊ आणाल तर सर्वांना पुरेल इतका आणा. कोणत्याही मुलाला त्याच्या घरचे दुःख सर्वांसमोर सांगायला लावू नका आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

देणगी देताना पांघरुणे आणि वह्या यांची आठवण सर्वांना असते. त्यासोबत नळाच्या तोट्या, रविवारच्या फोनचा खर्च, भट्टीपर्यंतचा एस.टी.चा प्रवास आणि ताई-मावशींचे प्रशिक्षण यांचाही विचार करा. या खर्चाचे छायाचित्र निघत नाही, पण मूल टिकते ते यामुळेच.

आपल्यापैकी अनेक जण शिक्षक आहेत, काही जण शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. कायद्याने या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: आपल्या शाळेत मुलाने चूक केली तर काय करायचे, हे लिहून ठेवले आहे का? नसेल तर तिथूनच सुरुवात करता येईल.

ज्या बंधूंनी पत्र लिहिले त्यांचे मी मनापासून आभार मानतो. त्यांनी विचारले म्हणून आम्हालाही आमचे काम पुन्हा तपासून पाहावे लागले. त्यांनी यंदाही नाताळाला यावे, फक्त शनिवारी यावे. वालाच्या शेंगा तोवर तयार होतील आणि वाफे दाखवायला कोण पुढे येईल, ते त्यांना तिथेच कळेल.

प्रार्थनेत या मुलांची, त्यांच्या भट्टीवरच्या आईबापांची आणि त्यांना सांभाळणाऱ्या ताई-मावशींची आठवण ठेवावी, ही विनंती.

आपला,
वसतिगृहाच्या कामातील एक निवृत्त शिक्षक